आतले पाच नट

जेवायला बसलो होतो. दुसरी भाकरी मोडली अन् गोजर, माझी बायको, सहज बोलून गेली. म्हणली, "जावयानं काळ्या चाकाला हळद लावू दिली न्हाय की वो. डाग पडतो म्हणं. मग मी आतल्या पाची नटांना लावली. तुमी लावताच की पिवळं, तशीच एकेक टिक्की."

घास तोंडातच राहिला. "कुठल्या चाकाच्या?"

"मागच्या. डाव्या."

त्या चाकाच्या बरोबर वरच्या शिटावर माझी लेक वैष्णवी बसली होती, पाच महिन्यांच्या आरोहीला मांडीवर घेऊन. गाडी सुटून चाळीस मिनिटं झाली होती. अन् ते पाच नट मी आवळलेच नव्हते.

मी कुंडलिक. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या तोंडाला माझं टायरचं दुकान हाय, बत्तीस वर्षं झाली. दुकानामागंच घर. डोकं तापट हाय माझं, ते सगळ्या रस्त्याला ठाऊक हाय. गिऱ्हाइकाला मी शिव्या घालतो अन् तरीबी गिऱ्हाईक येतं, कारण कुंडलिकनं बसवलेलं चाक आजवर कधी निघालं न्हाय. नट आवळायचा टॉर्कचा पाना असतो, ठरल्याएवढं आवळलं की 'टक्' वाजतो. टक् वाजला की मी ब्रशनं नटावर पिवळ्या रंगाची टिक्की लावतो. टिक्की न्हाय तर नट आवळलेला न्हाय, मग गिऱ्हाईक मंत्री असू दे न्हायतर संत्री. एवढी साधी रीत. तिच्याच जिवावर मी बत्तीस वर्षं मिशीला पीळ दिला.

वैष्णवी बाळंतपणाला आली होती. तिला न्यायला अभिमन्यू, माझा जावई, सकाळी अकलूजहून आला. पांढरी इलेक्ट्रिक गाडी, घेऊन दोन महिने झालेली. पोरगा वाईट न्हाय. दूधसंघात नोकरी करतो, निर्व्यसनी हाय. पण डिकी उघडून त्यानं मला चार काळी कुळकुळीत अठरा इंची चाकं दाखवली, रुंद टायर चढवलेली, अन् वर एका खोक्यात चार स्पेसर. "मामा, हे तुमच्याच हातानं बसवायचे," म्हणला.

स्पेसर म्हंजे दोन बोटं जाडीची लोखंडासारखी दिसणारी अॅल्युमिनियमची चकती. गाडीला मूळ चाक जितं बसतं तितं आधी ही चकती पाच नटांनी बसवायची, मग त्या चकतीवर चाक, त्याला बाहेरून आणखी पाच नट. चाक तेवढं बाहेर सरकतं, गाडी छाती काढून उभी राहते. बाकी उपयोग शून्य. अन् एकदा चाक चढलं की आतले पाच नट झाकून जातात, ते ढिले हायेत का घट्ट हायेत, देवाला बी दिसत न्हाय.

मी काय गप्प बसतोय? म्हणलं, "अहो जावईबापू, ह्या गाडीच्या पोटात पाच पोत्यांच्या वजनाची बॅटरी हाय. कंपनीनं चाक जितं ठेवलं ते काय येडी हायेत म्हणून ठेवलं? लेकरू बसवायचंय हिच्यात का लग्नाची वरात काढायचीय?" चार गिऱ्हाइकं उभी होती. अभिमन्यूचं तोंड उतरलं. गोजरनं मला आत ओढलं अन् दातावर दात धरून म्हणली, "जावई हाय. पहिल्यांदा तोंड उघडून काय मागितलं त्यानं." मग काय, बसवले. दुसऱ्या कुणाचे असते तर खोक्यासकट रस्त्यावर फेकले असते.

तीन चाकं नीट झाली. कल्लप्पा, माझा वीस वर्षांचा जुना कारागीर, गाडीत बसून ब्रेक दाबून धरत होता अन् मी पाना मारत होतो. टक्, टिक्की. टक्, टिक्की. मागच्या डाव्याला चकती लावली, पाची नट नुसते बोटानं फिरवून बसवले, अन् तेवढ्यात आरोहीनं टाहो फोडला. तिला गप्प करायचा एकच उपाय, शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांची खटखट. वैष्णवी म्हणली, "अण्णा, घ्या की हिला जरा. आता कधी घेणार परत?"

त्या 'आता कधी'नं मी इरघळलो. हात धुतले, पोरीला घेतलं अन् टॉवेलच्या कारखान्याच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. ती माझ्या खांद्यावर लाळ गाळत खटखट ऐकत होती. दहा मिनिटं असतील. तेवढ्यात गोजर पूजेचं ताट घेऊन आली, कल्लप्पा गाडीतून उतरून नारळ फोडायला गेला, पूजा झाली. मी परत आलो, खाली बसलो, बघितलं तर पाची नटांवर पिवळी टिक्की. माझ्या मनानं लगेच सांगिटलं, झालंय हे. चाक उचललं, चढवलं, बाहेरचे पाच नट टक् टक् आवळले, त्यांना रंग लावला, गाडी खाली घेतली. लेकीची ओटी भरली अन् गाडी निघून गेली, आवाज न करता.

आता सांगा, बत्तीस वर्षांत असला प्रकार कुणाच्या बापानं बघितलाय का?

मी ताटावरून उठलो ते ताट उलटंच झालं. गोजर घाबरली. "काय झालं? अवो, काय झालं?"

अन् मी जे बोललो ते मला आयुष्यभर चावणार हाय. मी म्हणलं, "तू मारलीस माझ्या लेकीला! हळद लावून मारलीस!"

तिला काही कळलं न्हाय. ती नुसती स्वतःच्या हाताकडं बघायला लागली. बोटांना पिवळं तसंच होतं.

मी वैष्णवीला फोन लावला. दोन रिंगा झाल्या अन् तिनं उचलला. "बोला अण्णा. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलाय, हे बी ऐकतायत."

तितंच सांगायचं होतं, 'माझी चूक झाली, नट आवळायचे राहिले, हळूच बाजूला घ्या.' तीन वाक्यांचं काम. पण माझ्या तोंडातून ते निघेचना. निघालं काय, तर आरडाओरडा. "थांबवा! गाडी थांबवा आधी! आत्ताच्या आत्ता!"

अभिमन्यूचा आवाज आला. दमलेला. "मामा, झालं का परत सुरू? मघाशी म्हणला ऐंशीच्या वर नको. मग म्हणला खड्डे बघून. स्पेसर तुमाला पसंत न्हायत, कळलं आमाला. गाडी मस्त चाललीय."

अन् खरं होतं त्याचं. गाडी सुटल्यापासून माझे दोन फोन झाले होते, दोन्ही कुरबुरीचेच.

"अरे गाढवा, थांबव म्हणतो ना तुला!"

जावयाला गाढव म्हणलो. गाडीतल्या मोठ्या स्पीकरवर, त्याच्या बायकोसमोर. मग फोन कट झाला.

परत लावला, कट. परत लावला, बंद लागला. अभिमन्यूला लावला, एक रिंग होऊन तुटला. माझा नंबर त्यानं अडवून टाकला होता.

कल्लप्पानं तोवर आमची जुनी व्हॅन बाहेर काढली होती. मी दोनच शब्द बोललो होतो, "आतले नट," पण वीस वर्षं हाताखालचा माणूस, त्याला तेवढं पुरलं. जॅक, पाने, सुटे बोल्ट मागं टाकले अन् आमी निघालो. चालवायला तोच बसला.

सोलापूर शहर एवढं मोठं कधी झालं कुणास ठाऊक. सिग्नलला उभं राहिलं की मी लाल दिव्यालाच शिव्या घालायचो. एक रिक्षावाला आडवा आला, मी खिडकीतून त्याच्या सात पिढ्या काढल्या. गोजरचे फोन येत होते. मी कट करत होतो. तिच्याशी काय बोलणार होतो?

पुणे नाका सुटला अन् हायवे लागला, तशी माझी भीती आणखी वाढली. शहरात निदान वीस-तीसनं चालणार, हितं तो शंभरनं पळवणार. चाक निघतं तेव्हा काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी बघितलंय. एका जीपचं पुढचं चाक निघालं होतं. चाक गाडीच्या पुढं पळत गेलं, एकटंच, आपल्या रस्त्यानं. मागं जीपचं काय झालं ते मी सांगणार न्हाय. त्या दिवशी मला तेच चाक सारखं पुढं पळताना दिसत होतं.

"कल्लप्पा, बोटानं किती पीळ बसला असंल रे?"

"चार-पाच आटे गेले असतील की मालक. लगेच न्हाय निघत." मग थोड्या वेळानं तो म्हणला, "पण गाडी जड हाय."

"गप बस."

"तुमीच इचारलं की."

सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला माणसं जमलेली दिसली. पंधरा-वीस माणसं, मोटारसायकली आडव्या लावलेल्या, अन् मधी पांढरी गाडी. कल्लप्पानं व्हॅन बाजूला घेतली. मला दार उघडता येईना, ते दार गेली सहा वर्षं बाहेरूनच उघडतं हे मीच विसरलो होतो. तो फिरून आला, त्यानं उघडलं. मी माणसांना ढकलत आत घुसलो. आत एक जुनी पेट्रोलची गाडी होती, बॉनेटमधनं वाफ निघत होती अन् एक म्हातारा त्यावर बाटलीनं पाणी ओतत होता. "काय झालं पाव्हणं?" त्यानं मला विचारलं. मी तितंच रस्त्यावर मटकन बसलो.

व्हॅनमध्ये आल्यावर कल्लप्पा म्हणला, "मालक, फोन उचलत न्हाईत तर व्हॉट्सअपवर बोलून पाठवा. ताईचा फोन काय कायमचा बंद न्हाय राहणार, बाळाची गाणी त्यातच असत्यात. पण वरडू नका."

मी बटण दाबून बोललो. पहिल्यांदा बोललो ते ओरडणंच निघालं, पुसून टाकलं. दुसऱ्यांदा बी तसंच. तिसऱ्यांदा बटण दाबलं. मग हळूच म्हणलं, "वैशू, बाळा, माझी चूक झाली. स्पेसरचं काय न्हाय. मागच्या डाव्या चाकाचे आतले नट मी आवळायचे विसरलो. माझ्या हातनं राहिले. जावईबापूंना म्हणावं, मला माफ करा, पण गाडी हळूच बाजूला घ्या. ब्रेक जोरात मारू नका." एवढंच. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा 'माझ्या हातनं राहिलं' असं म्हणलो. गिऱ्हाइकाला न्हाय, बायकोला न्हाय, कुणालाच कधी म्हणलो नव्हतो.

तिनं ते ऐकलं का न्हाय हे बघायला मी थांबलोच न्हाय. परत अभिमन्यूला फोन लावायला लागलो. लागत न्हाय हे ठाऊक असून लावत राहिलो. तुटला की लाव, तुटला की लाव. हाताला दुसरं काम नव्हतं.

टोल गेला. मोहोळचा पूल गेला. प्रत्येक पुलाखाली मी वाकून बघायचो. रस्त्यावर काळं काही पडलेलं दिसलं की काळीज हलायचं, अन् हायवेवर फाटक्या टायरांचे तुकडे तर पावलोपावली पडलेले असतात. बत्तीस वर्षं टायरचा धंदा केला, पण रबराच्या तुकड्याला एवढा कधी भ्यालो नव्हतो. मी देवाला म्हणलं, लेकीला अन् नातीला ठेव, दुकान ने, हात ने माझे. मग म्हणलं, जावयाला बी ठेव. तो राहिला होता म्हणायचा.

मोहोळ सोडून सात-आठ किलोमीटरवर कल्लप्पा एकदम म्हणला, "मालक."

पांढरी गाडी कडेला उभी होती. मागचं डावं चाक जाग्यावर होतं, पण वरून आत झुकलेलं, मोडक्या पायावर उभं राहावं तसं. गाडीत कुणी नव्हतं. मागची दोन्ही दारं उघडी होती.

त्या अर्ध्या मिनिटात मी काय काय बघितलं ते मला विचारू नका.

वैष्णवी खाली, रस्त्यापासून लांब, बाभळीच्या सावलीत बसली होती. आरोही तिच्या मांडीवर झोपली होती. अभिमन्यू शेजारी उभा होता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी उतारावरून घसरत खाली गेलो अन् लेकीच्या पायापाशीच पडलो. आरोहीच्या पायाचा अंगठा धरून बसलो. गरम होता.

"किती फोन केले अण्णा तुमाला," वैष्णवी रडत म्हणली. "सारखा बिझी. कुणाला लावत होता?"

"तुमालाच की गं."

ती रडता रडता हसली. मग म्हणली, "टक टक आवाज यायला लागला होता मागनं. मी म्हणलं ह्यांना, हा नटाचा आवाज हाय, मी टायरवर बसून अभ्यास केलाय. हे म्हणले, तुझ्या वडलांनी तुझ्या डोक्यात भरवलंय. मला बी वाटलं असंल. मग आरोहीला गाणं लावायला फोन चालू केला अन् तुमचं बोलणं ऐकलं."

"ऐकलंस?"

"तुमी ओरडला तेव्हा मी घाबरले नव्हते, अण्णा. तुमी रोजच ओरडता. पण 'माझी चूक झाली' म्हणला ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी ह्यांना म्हणलं, आत्ता थांबवा. माझा बाप असं कधी म्हणत न्हाय."

अभिमन्यू पुढं आला. मला वाटलं आता हा गाढवाचा हिशोब चुकता करणार, अन् करायलाच पायजे होता. पण तो खाली मान घालून म्हणला, "मामा, चुकलंच माझं. तुमी म्हणत होता, स्पेसर नकोत. ऐकायला पायजे होतं."

बघा, सुटायला वाट होती मला. नुसतं 'व्हय' म्हणलो असतो तर झालं असतं. स्पेसरवर ढकललं असतं, सासरा शहाणा ठरला असता, अन् गावभर त्यानंच सांगिटलं असतं.

"स्पेसरला नावं ठेवू नका," मी म्हणलं. "मला ते अजून बी आवडत न्हाईत. पण आज चूक माझी हाय. नट मी आवळले न्हाईत. अन् वर तुमालाच गाढव म्हणलो."

त्यानं मला हाताला धरून उठवलं, एवढंच.

कल्लप्पानं जॅक लावला. बाहेरचे पाच नट काढले अन् चाक ओढलं, तसे आतनं तीन नट खडखडत मातीत पडले. तुटलेले, बोल्टाच्या तुकड्यासकट. चौथा चाकाच्या खोबणीत अडकलेला सापडला. पाचवा बोल्ट वाकडा झाला होता अन् त्याचा नट तिरपा होऊन तितंच रुतून बसला होता. त्या एकावर गाडी आली होती. त्याच्या कोपऱ्यात अजून थोडं पिवळं होतं.

गोजरचा फोन आला. या वेळी उचलला.

मी म्हणलं, "सगळी नीट हायेत. पोरगी झोपलीय. अभिमन्यूराव बी नीट हायेत."

मग ती जी रडायला लागली ती थांबेना. "मी माझ्या हातानं," "मी माझ्या हातानं," एवढंच म्हणत होती. मी त्या पाचव्या नटाकडं बघितलं अन् म्हणलं, "गोजर, ऐक. चार नट गेले, एक राहिला. त्या एकानं धरून ठेवलं गाडीला. अन् त्याच्यावर तुझी हळद हाय, मी आत्ता बघतोय. तुझ्या हळदीनं राखलं गं."

मला वाटलं, हिला बरं वाटंल. तिचं रडणं थांबलं. डोळे पुसले असतील. मग हळूच म्हणली, "पण मी पाचीला लावली होती की वो. मग ते चार का गेले?"

कल्लप्पा माझ्याकडं बघत होता, अभिमन्यू बघत होता. वर हायवेवरनं ट्रक जात होते.

"कारण मी पाना लावला न्हाय," मी म्हणलं. "हळदीचा काय बी दोष न्हाय. तू न्हाय मारत होतीस लेकीला. मी मारत होतो."

तिकडं तिनं नाक शिंकरलं. मग म्हणली, "ताट तसंच पडलंय. या लवकर."